बंद लिफाफ्यातले उत्तर : शब्दकोड्याच्या इतिहासातील एक प्रश्न

महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात दुपारच्या सुट्टीत वर्तमानपत्राचे एक पान हमखास वेगळे काढलेले असते. त्यावर शब्दकोडे असते. संस्कृत, मराठी आणि अर्थशास्त्र या तीन विभागांची त्या पानावर जितकी एकजूट होते, तितकी अभ्यासमंडळाच्या बैठकीत कधी झाल्याचे स्मरत नाही. एके दिवशी आडव्या शब्दांत एक संकेत होता : 'पाणी', अक्षरे दोन. उभ्या शब्दांपैकी एकही त्याला नीट छेदत नव्हता. कोणी 'जल' म्हणाले, कोणी 'नीर', तर संस्कृतच्या बाईंनी 'तोय' आणि 'वारि' असे आणखी दोन पर्याय पुढे केले. सगळेच बरोबर होते. दुसऱ्या दिवशीच्या अंकात 'नीर' हे उत्तर छापून आले. 'जल' लिहिणारे सहकारी 'चुकलो' असे म्हणून चहाला उठले.

ते खरोखर चुकले होते काय? 'जल' म्हणजे पाणी नव्हे, असे कोणताही शब्दकोश म्हणणार नाही. मग त्यांना चूक कोणी ठरवले? दुसऱ्या दिवशीच्या अंकाने. हा प्रसंग क्षुल्लक खरा. परंतु त्यात दडलेला प्रश्न साहित्याच्या अध्यापकाने क्षुल्लक मानावा असा नाही. उत्तराचे प्रामाण्य नेमके कोठे असते, भाषेत की कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेल्या कागदात? शब्दकोड्याच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित झाला आहे. इतकेच नव्हे, तर आपल्या देशात तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाकडे या एका प्रश्नाच्या अंगाने पाहण्याचा विचार आहे.

आधुनिक शब्दकोड्याची जन्मतारीख निश्चित सांगता येते. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकाच्या 'फन' नावाच्या रविवार पुरवणीत आर्थर विन याने रचलेले एक कोडे प्रसिद्ध झाले. विन हा मूळचा लिव्हरपूलचा. त्याच्या कोड्याचा आकार चौकोनी नव्हता; शंकरपाळ्यासारखा होता आणि मध्ये मोकळी जागा होती. नाव होते 'वर्ड-क्रॉस'. पुढे काही आठवड्यांत छापखान्यातील चुकीमुळे नावातील दोन शब्दांची अदलाबदल झाली आणि 'क्रॉस-वर्ड' हेच नाव रूढ झाले. शब्दांच्या उलटापालटीवर जगणाऱ्या या खेळाचे नावही उलटापालटीतूनच आले, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

दहा वर्षे हा खेळ एका वर्तमानपत्रापुरताच जवळजवळ मर्यादित राहिला. १९२४ साली सायमन आणि शुस्टर या दोन तरुणांनी नव्याने काढलेल्या प्रकाशनसंस्थेतर्फे शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक निघाले. पुस्तकासोबत एक पेन्सिल दिलेली असे. पुस्तकाने अमेरिकेला वेड लावले, आणि वेड म्हटले की नीतिरक्षकही आलेच. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच वर्षी या छंदाची वेडात गणना केली. लंडनच्या 'टाइम्स'नेही १९२४च्या डिसेंबरात, अमेरिका या कोड्यांची गुलाम झाली आहे, असा सूर लावला. पुढे काय झाले हे सांगणे म्हणजे इतिहासाच्या विनोदबुद्धीला दाद देणे होय. १ फेब्रुवारी १९३० पासून लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रोज शब्दकोडे छापले जाऊ लागले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, आपले पहिले कोडे छापले. काळोख्या बातम्यांच्या काळात वाचकाला मन गुंतवायला काहीतरी हवे, ही जाणीव त्यामागे होती. 'टाइम्स'चा पहिला कोडेकार एड्रियन बेल हा ग्रामीण जीवनावर लिहिणारा लेखक. नेमणूक झाली तोवर त्याने कोडे रचणे तर दूरच, सोडवलेलेही नव्हते.

अमेरिकेतील कोडे हे मुख्यतः माहितीचे आणि पर्यायी शब्दांचे होते. इंग्लंडमध्ये मात्र त्याला निराळे वळण लागले आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. या वळणाचा प्रवर्तक एडवर्ड पॉविस मॅथर्स (१८९२–१९३९) हा होय. १९२६ पासून मृत्यूपर्यंत तो 'ऑब्झर्व्हर'मध्ये 'टॉर्कमाडा' या टोपणनावाने कोडी रचीत राहिला. टॉर्कमाडा हा स्पेनमधील धर्मन्यायसभेचा मुख्य अधिकारी. वाचकाचा छळ करण्याची ही उघड प्रतिज्ञाच होती. त्याने निवडलेले शब्द चौकटीत बसवण्याचे काम बरेचदा त्याची पत्नी करी आणि संकेत तो स्वतः रची.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना मॅथर्सची आणखी एक ओळख असायला हवी. तो कवी होता, आणि पौर्वात्य काव्याचा अनुवादक होता. काश्मीरचा कवी बिल्हण याच्या नावावर असलेल्या 'चौरपंचाशिके'चे त्याने १९१९ साली 'ब्लॅक मॅरिगोल्ड्स' या नावाने इंग्रजी रूपांतर केले. संस्कृत सुभाषितांच्या, शृंगारकाव्याच्या जगात वावरलेला माणूस इंग्रजी कूट शब्दकोड्याचा जनक ठरावा, यातून संस्कृत प्रहेलिकांचा त्याच्यावर प्रभाव पडला असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. तसा पुरावा आपल्यापुढे नाही. परंतु शब्दाकडे पाहण्याची एक दृष्टी दोन्ही ठिकाणी समान आहे, एवढे निश्चित म्हणता येते. शब्द म्हणजे अर्थाकडे नेणारी पारदर्शक काच नव्हे. तो फोडता येतो, उलटा करता येतो, दुसऱ्याच्या पोटात लपवता येतो, ही ती दृष्टी.

आपल्याकडे ही दृष्टी फार जुनी आहे. वाल्मीकीच्या कथेत 'मरा मरा' असा जप करता करता त्याचा 'राम राम' होतो. कूट शब्दकोड्याच्या परिभाषेत सांगायचे तर हा उलटापालटीचा संकेत होय. 'धारा' उलटली की 'राधा' होते, हे कीर्तनकारांच्या तोंडून आपण ऐकलेले असते. महाभारताच्या लेखनाची आख्यायिका तर सर्वश्रुत आहे. गणपतीने न थांबता लिहिण्याची अट घातली; व्यासांनी अर्थ कळल्याशिवाय न लिहिण्याची उलट अट घातली, आणि उसंत हवी असेल तेव्हा कूटश्लोक रचले. अशा श्लोकांची संख्या ८,८०० सांगितली जाते. कामसूत्रातील चौसष्ट कलांत प्रहेलिकेला स्थान आहे. मराठीपुरते बोलायचे तर लग्नातले उखाणे, आजीने घातलेली कोडी, मुक्ताबाईच्या नावावर असलेला मुंगी आणि सूर्य यांचा अभंग, महानुभावांच्या सांकेतिक लिपी आणि त्यांचा राजवाड्यांनी केलेला उलगडा, अशी एक मोठी परंपरा डोळ्यांसमोर येते.

येथे दंडीचा उल्लेख विशेष अगत्याने करावासा वाटतो. 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात त्याने प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी 'समागता' या प्रकारात दोन पदांचा संधी झाल्यामुळे अर्थ झाकला जातो. 'वंचिता' या प्रकारात शब्दाचा रूढ अर्थ वाचकाला फसवतो आणि अभिप्रेत अर्थ निराळाच असतो. आजच्या कूट शब्दकोड्यातील दोन मुख्य युक्त्या याच आहेत. पण याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पूर्वाचार्यांनी चौदा 'दुष्ट' प्रहेलिकाही सांगितल्या आहेत, असे दंडी नमूद करतो. आणि दोष असंख्य असल्याने आपण चांगल्यांचीच लक्षणे देतो, असे म्हणतो. म्हणजे कोडे अवघड असणे आणि कोडे सदोष असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याला ठाऊक होते. काठिण्य हा गुण असू शकतो. अन्याय्य असणे हा मात्र दोषच.

नेमका हाच भेद इंग्लंडमध्ये टॉर्कमाडानंतरच्या पिढीने स्पष्ट केला. टॉर्कमाडाची कोडी विद्वत्तापूर्ण होती, पण त्यांना नियम असा नव्हता. त्याच्या मागून 'ऑब्झर्व्हर'मध्ये आलेला डेरिक मॅकनट (१९०२–१९७१) हा ग्रीक-लॅटिनचा शिक्षक. त्याने 'झिमेनीझ' हे दुसऱ्या धर्माधिकाऱ्याचे नाव घेतले. १९७२ पासून लिहू लागलेल्या त्याच्या वारसाने 'डेझा' या तिसऱ्या धर्माधिकाऱ्याचे नाव उलटे करून 'अझेड' असे नाव धारण केले. छळाची परंपरा नावात राहिली, परंतु मॅकनटने व्यवहारात न्याय आणला. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने मांडलेल्या विचाराचा आशय असा की, चांगल्या संकेतात तीनच गोष्टी असाव्यात : उत्तराची नेमकी व्याख्या, त्या उत्तराच्या घडणीची प्रामाणिक खूण, आणि या दोहोंखेरीज काहीही नाही. त्याच्या आधी 'आफ्रिट' या नावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची या शाळाप्रमुखाने १९४९ साली याच अर्थाचा दंडक घालून दिला होता. कोडेकाराने वाचकाची दिशाभूल खुशाल करावी, पण त्याचे शब्द व्याकरणाने आणि अर्थाने शेवटी उत्तराशीच जाऊन भिडले पाहिजेत, असा तो दंडक.

हे सूत्र प्रत्यक्षात कसे चालते ते मराठी उदाहरणांनी पाहू. ही उदाहरणे वर्गासाठी मी रचलेली आहेत. त्यांच्या साधेपणाबद्दल जाणकारांनी क्षमा करावी. पहिला संकेत असा : 'गुरुजींच्या मागे गाडी, राज्य करते तीच (४)'. वाचक गुरुजी, गाडी, मिरवणूक अशा चित्रात अडकतो. परंतु गुरुजी म्हणजे 'सर', गाडी म्हणजे 'कार'. एकामागे एक ठेवले की 'सरकार', आणि राज्य तेच करते. दुसरा : 'वळायचे कारण विचारणारा पक्षी (३)'. 'का वळा?' असा पदच्छेद केला की 'कावळा' सापडतो. तिसरा : 'कबूल झालेल्या संतकवीचे पद सोडण्याचे पत्र (४)'. 'राजी' आणि 'नामा' एकत्र आले की 'राजीनामा'. येथे 'पद' या शब्दावर वाचक संतकाव्याच्या दिशेने भरकटावा अशी योजना आहे. म्हणजे ही दंडीची 'वंचिता'च. चौथा : 'नदी उलटी वाहिली आणि गरीब झाली (२)'. उत्तर 'दीन'.

या चारही संकेतांत एक गोष्ट समान आहे. उत्तर सापडल्यावर ते बरोबर आहे की नाही, हे विचारायला दुसऱ्या दिवशीच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही. संकेताचा एक भाग उत्तराची व्याख्या देतो, दुसरा भाग त्याची घडण सांगतो आणि दोन्ही वाटा एकाच शब्दावर येऊन मिळतात. उत्तराचे प्रमाणपत्र संकेताच्या आतच असते. 'पाणी (२)' या संकेतात ते नव्हते. वरवर पाहता 'पाणी' हा संकेत सोपा आणि 'नदी उलटी वाहिली' हा अवघड. परंतु न्यायाच्या दृष्टीने सोपा संकेत सदोष आणि अवघड संकेत निर्दोष आहे. दंडी आणि मॅकनट यांचे येथे एकमत झाले असते, असे मानायला हरकत नाही.

काठिण्याला न्यायाची जोड मिळाली की सोडवणाऱ्याच्या बुद्धीला खरी कसोटी लागते. याचा एक ऐतिहासिक दाखला प्रसिद्ध आहे. लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ची कोडी फार सोपी झाली आहेत, अशा तक्रारी आल्यावर एका क्लबच्या अध्यक्षाने आव्हान दिले : बारा मिनिटांच्या आत कोडे सोडवून दाखवा, मी युद्धकार्यासाठी शंभर पौंड देतो. जानेवारी १९४२ मध्ये वर्तमानपत्राच्या कचेरीतच स्पर्धा झाली आणि ते कोडे १३ जानेवारीच्या अंकात छापले गेले. पाच जणांनी वेळेआधी कागद दिला, त्यातील एकाची एका शब्दात चूक निघाली. स्टॅन्ली सेजविक नावाच्या स्पर्धकाचा घंटा झाली तेव्हा एक शब्द राहिला होता. काही आठवड्यांनी त्याला सरकारी पत्र आले. पुढे तो ब्लेचली पार्क येथे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या विभागात काम करू लागला. कोडे पूर्ण न करू शकलेला माणूसही तेथे उपयोगी ठरला. कारण तेथे उत्तरापेक्षा उत्तराकडे जाण्याची रीत पाहिली जात होती.

याच दैनिकाचा कोडेकार लेनर्ड डॉ हा शाळेचा मुख्याध्यापक. मे १९४४ मध्ये त्याच्या कोड्यांच्या उत्तरांत 'यूटा', 'ओमाहा', 'ओव्हरलॉर्ड', 'मलबेरी' आणि १ जून रोजी 'नेपच्यून' हे शब्द आले. नॉर्मंडीच्या चढाईतील हे सर्व गुप्त सांकेतिक शब्द होते. गुप्तहेर खात्याने डॉची चौकशी केली; हेरगिरीचे काही निष्पन्न झाले नाही. डॉ आपल्या विद्यार्थ्यांना रिकाम्या चौकटीत शब्द भरायला देई आणि मग त्या शब्दांना संकेत रची. त्या विद्यार्थ्यांपैकी एकाने चाळीस वर्षांनी, १९८४ साली, सांगितले की छावणीतल्या सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द आपणच चौकटीत घातले होते. हा खुलासा सर्वांना पटलेला नाही. मला या कथेत रस आहे तो वेगळ्या कारणाने. मुख्याध्यापकाने रचलेल्या कोड्यात मुख्याध्यापकालाच ठाऊक नसलेला अर्थ शिरला होता, आणि तो वाचणारे वाचकही होते. लेखकाचा हेतू आणि संहितेचा अर्थ यांविषयी आपण वर्गात तासन्‌तास बोलतो. त्याचे याहून चपखल उदाहरण सापडणे कठीण.

आता आपल्या देशाकडे येऊ. येथे विसाव्या शतकाच्या मध्यावर बक्षिसी शब्दकोड्यांची मोठी लाट आली होती. प्रवेशफी भरून कूपन पाठवायचे आणि मोठ्या रकमेची आशा धरायची, असा हा व्यवहार. या कोड्यांतील संकेत मुद्दाम असे रचलेले असत की दोन शब्द सारखेच शोभावेत. एखाद्या अक्षराचा फरक. अर्थाच्या दृष्टीने निवड करायला आधार नाही. 'अधिकृत' उत्तर आधीच ठरवून मोहोरबंद केलेले असे. ज्याचे कूपन त्या उत्तराशी जुळेल तो विजेता. म्हणजे आमच्या शिक्षक-कक्षातील 'पाणी (२)' हा संकेत, पण त्याला पैसे लावलेले.

मुंबई राज्याने १९४८च्या कायद्याने अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवला. १९५२ साली त्यात दुरुस्ती करून राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांतील स्पर्धाही त्याच्या कक्षेत आणल्या. बंगळूरहून निघणाऱ्या आणि मुंबई राज्यात मोठा खप असलेल्या 'स्पोर्टिंग स्टार' या पत्रातून आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या स्पर्धा चालत. त्यांनी या दुरुस्तीला आव्हान दिले आणि मुंबई उच्च न्यायालयात त्यांना यश आले. दरम्यान संसदेने १९५५ साली बक्षीस स्पर्धा कायदा केला. त्यात शब्दकोड्याच्या स्पर्धेचा नावानिशी उल्लेख आहे. महिन्याला एकूण एक हजार रुपयांहून अधिक बक्षीस ठेवायला बंदी आली आणि एका स्पर्धेत दोन हजारांहून अधिक प्रवेशिका घ्यायच्या नाहीत, असे बंधन आले. दोन्ही कायद्यांसंबंधीचे निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ या एकाच दिवशी दिले, आणि दोन्ही स्पर्धाचालकांच्या विरोधात गेले.

हे निकाल वकिलांइतकेच साहित्याच्या माणसांनीही वाचावेत असे आहेत. पहिल्या निकालात सरन्यायाधीश सुधिरंजन दास जुगाराच्या निषेधाचा मागोवा घेत ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तापर्यंत, महाभारत आणि स्मृतिग्रंथांपर्यंत जातात. न्यायालयापुढचा पेच असा होता : शब्दकोडे सोडवणे हे कौशल्य की नशीब? त्याचे उत्तर 'शब्दकोडे' या नावावर अवलंबून नव्हते. ते उत्तर कसे ठरते यावर अवलंबून होते. स्पर्धकाने कितीही विचार केला, तरी आधीच ठरलेल्या उत्तराशी जुळणे हीच कसोटी असेल, तर तो विचार नव्हे, अंदाज होय. दुसऱ्या निकालात न्यायालयाने १९५५च्या कायद्याचा रोख जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांपुरताच आहे, असा अर्थ लावला. ज्यांत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते अशा स्पर्धा त्यातून वगळल्या. अक्ष आणि अक्षर यांच्यात एका 'र'चे अंतर आहे. ते अंतर कायद्याच्या भाषेत कोठे मोजायचे, हे न्यायालयाने सांगितले.

परंतु यावरून कोणी असे समजेल की न्याय्य कोड्याला उत्तर एकच असावे लागते. तसे नाही, हे ५ नोव्हेंबर १९९६ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील कोड्याने दाखवून दिले. तो अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस होता. जेरेमाया फॅरेल याने रचलेल्या त्या कोड्याच्या मध्यावर उद्याची मुख्य बातमी कोणती, अशा अर्थाचा संकेत होता. त्याच सात चौकोनांत 'क्लिंटन' हे नाव बसत होते आणि 'बॉब डोल' हेही. त्यांना छेदणाऱ्या सात उभ्या संकेतांची प्रत्येकी दोन उत्तरे होती आणि दोन्ही निर्दोष होती. हॅलोविनशी जोडलेला काळा प्राणी म्हटले की 'कॅट'ही चालत होते आणि 'बॅट'ही. अनेक वाचकांनी, वर्तमानपत्राने निकाल आधीच जाहीर केला, म्हणून रागाने तक्रारी केल्या. कारण प्रत्येकाला आपलेच उत्तर एकमेव वाटले. म्हणजे उत्तरे दोन असणे हा दोष नव्हे. दोन उत्तरे भाषेने मान्य केलेली असताना त्यांपैकी एकाला लिफाफ्याच्या बळावर चूक ठरवणे, हा दोष.

मराठीत कूट शब्दकोडे इंग्रजीसारखे का रुजले नाही, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे एक कारण लिपीत आहे. इंग्रजी चौकोनात सव्वीसपैकी एक अक्षर येते. आपल्या चौकोनात मात्रेसह पूर्ण अक्षर येते. चौतीस व्यंजने आणि बाराखडीची बारा रूपे एवढेच धरले तरी चारशेहून अधिक शक्यता होतात, जोडाक्षरे निराळीच. 'कि' आणि 'की' एकाच घरात राहू शकत नाहीत. त्यामुळे आडवे-उभे शब्द एकमेकांना छेदणे अवघड जाते, काळी घरे वाढतात, शब्द आखूड होतात आणि 'पाणी (२)' सारखे आधार नसलेले संकेत उरतात. परंतु इंग्रजीचा जीव अक्षरांच्या फेरजुळणीत असेल, तर मराठीचा जीव पदच्छेदात आणि श्लेषात आहे. सभंग श्लेष शिकवताना आपण जुन्या कवितेतील तीच ती उदाहरणे देतो. एकदा वर्गात 'कावळा' देऊन पाहावे. मागच्या बाकावरून पुढचा संकेत रचून येतो, असा माझा अनुभव आहे.

लेखाच्या आरंभी केलेला प्रश्न आता थोडा स्वतःकडे वळवतो. काही वर्षांपूर्वी एका परीक्षेच्या उत्तरपत्रिका मी तपासत होतो. नमुना उत्तरे मोहोरबंद लिफाफ्यातून आली होती. एका कवितेवर दोन गुणांचा प्रश्न होता : कवितेतील 'तो' कोण? नमुना उत्तर 'पाऊस'. एका विद्यार्थिनीने लिहिले होते, 'गाव सोडून गेलेला मुलगा'. आणि पुढच्या चार ओळींत कवितेतील क्रियापदे, उंबरठा, वाट पाहणारी आई यांच्या आधारे ते सिद्धही केले होते. मी दोनपैकी शून्य दिले. गठ्ठा संपवायचा होता आणि लिफाफ्याशी जुळत नव्हते, एवढेच कारण. रात्री ती कविता पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आले की, तिच्या उत्तराला कवितेच्या प्रत्येक ओळीचा आधार होता. 'पाऊस' या उत्तराला दोन ओळींनंतर तो मिळेनासा होत होता. तोवर गुणपत्रक गेले होते. पुढे ते दुरुस्त करण्याची सोय होती की नाही, याची चौकशीही मी केली नाही, हे येथे सांगितले पाहिजे.

त्या विद्यार्थिनीने कूट शब्दकोडे सोडवणाऱ्याचे काम केले होते. संकेताच्या आतच प्रमाण शोधले होते, आणि ते दाखवलेही होते. मी बक्षिसी स्पर्धेच्या चालकाचे काम केले होते. १९५७च्या निकालाची भाषा वापरायची तर तिच्या दोन गुणांपुरती ती परीक्षा कौशल्याची राहिली नव्हती.

'गार्डियन'मध्ये 'अराउकारिया' या नावाने दीर्घकाळ कोडी रचणारे पाद्री जॉन ग्रॅहम यांनी जानेवारी २०१३ मधील एका कोड्यातूनच आपल्याला कर्करोग झाल्याची बातमी वाचकांना दिली.  आजाराचे नाव, तो कोठे झाला आहे आणि त्यावर कोणते उपचार चालू आहेत, हे सगळे वाचकाने एकेक संकेत सोडवून स्वतःच्या हाताने चौकोनांत लिहायचे होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते गेले. इतकी गंभीर गोष्ट त्यांनी वाचकांच्या हाती सोपवली, कारण वाचक तेथवर पोचेल आणि पोचला की त्याला खात्री पटेल, असा त्यांचा विश्वास होता. चांगले कोडे रचणाऱ्याचा वाचकावर असा विश्वास असतो. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचा तो विद्यार्थ्यावर असावा, एवढी अपेक्षा करायला हरकत नसावी.

यंदा अंतर्गत परीक्षेची प्रश्नपत्रिका काढताना मी प्रत्येक प्रश्नाखाली एक ओळ घातली : 'उत्तराला संहितेतील आधार द्या, आधाराला गुण आहेत.' नमुना उत्तरांचा कागद केला नाही. तपासायला तिप्पट वेळ लागला. शिक्षक-कक्षात 'जल' आणि 'नीर' यांचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.